इन्सुलिन लिहून दिलं, शिकवलं कुणी?

आपल्या घरांत रोज वापरल्या जाणाऱ्या औषधांमध्ये इन्सुलिनइतकं काटेकोर औषध क्वचितच दुसरं असेल. आणि ते टोचण्याचं काम ज्याच्यावर येऊन पडतं, त्याला बहुतेक वेळा कुणी बसवून शिकवलेलं नसतं. रुग्णालयात इन्सुलिन जोखमीच्या औषधांत मोडतं. चांगल्या वॉर्डात एक परिचारिका डोस भरते आणि दुसरी सिरिंज उजेडात धरून रेघ तपासते. तोच रुग्ण डिस्चार्ज घेऊन घरी आला की ते काम मोतीबिंदू झालेले आजोबा करतात, नाहीतर एक कान कुकरच्या शिट्टीकडे लावून सून करते. मधल्या काळात त्यांना काय शिकवलं गेलं? ‘जेवणाआधी पोटाला टोचायचं,’ एवढं एक वाक्य, तेही दारात उभ्या उभ्या.

पुढे साखर घसरून माणूस बेशुद्ध पडला की सगळे म्हणतात, घरच्यांनी काळजी घेतली नाही. हा दोषारोप मला मान्य नाही. शिकवल्याशिवाय इन्सुलिन लिहून देणं हा अर्धवट उपचार आहे, आणि उरलेला अर्धा उपचार कुणी करायचा याचं उत्तर आपल्याकडच्या दवाखान्यांनी, औषध दुकानांनी आणि महापालिकांनी द्यायला हवं. देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर गेल्याचं आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये समोर आलं. त्यातल्या सगळ्यांना इन्सुलिन लागत नाही, पण ज्यांना लागतं त्यांचा आकडाही लहान नाही.

सिरिंजचीच गोष्ट घ्या. आपल्याकडे बाटलीतलं मानवी इन्सुलिन बहुधा ‘४०चं’ असतं, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. पेनात बसवायची कार्ट्रिज ‘१००ची’ असते, आणि ग्लार्जिनसारख्या काही इन्सुलिनच्या बाटल्याही १००च्याच येतात. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी. हातात घेतल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, तशाच बारीक सुया, तशीच पारदर्शक नळी. फरक फक्त टोपणाच्या रंगात आणि नळीवरच्या आकड्यांत. डॉक्टरांनी २० युनिट सांगितले आहेत, बाटली ४०ची आहे आणि दुकानातून केशरी टोपणाची सिरिंज आली. घरच्या माणसाने इमानेइतबारे २०च्या रेघेपर्यंत भरलं, तरी पोटात गेले फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, २०चे २८ होतात. मग एखाद्या दिवशी दुकानदार योग्य, लाल टोपणाची सिरिंज देतो आणि २८ युनिट खरोखरच पोटात जातात.

याच्या उलट चूक जास्त भयंकर. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत ओढलं, तर ते ५० युनिट होतात. अडीचपट. ही चूक निष्काळजी माणसाकडून होत नाही. प्रामाणिकपणे २०च्या रेघेवर डोळा ठेवणाऱ्या माणसाकडून होते, म्हणून ती अधिक टोचते. ब्रिटनने १९८३ मध्येच सगळं इन्सुलिन १००चं करून हा घोळ मिटवला. आपण अजून दोन मापं सांभाळत बसलो आहोत.

हा मुद्दा आत्ता अधिक निकडीचा झाला आहे. नोवो नॉर्डिस्क ही कंपनी भारतात मानवी इन्सुलिनची पेनं आणि कार्ट्रिज बंद करत आणत असल्याचं २०२५ मध्ये समोर आलं. बाटल्या मात्र चालू राहणार. वर्षानुवर्षं पेनाची कळ फिरवून टकटक मोजणाऱ्या अनेकांना आता दुसऱ्या कंपनीचं पेन शोधावं लागेल किंवा बाटली-सिरिंजकडे वळावं लागेल. कंपनीने काय विकावं हा तिचा व्यवहार. पण पेनाकडून बाटलीकडे जाणाऱ्या माणसाला ४० आणि १०० यांतला फरक कोण समजावणार? दुकानाच्या गर्दीत चार गिऱ्हाइकांच्या खांद्यावरून हात पुढे करून ‘तेच इन्सुलिन द्या, पण बाटलीतलं’ म्हणणाऱ्याला?

चिठ्ठीचंही तसंच. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण न लिहिता इंग्रजी आद्याक्षर घाईत खरडलं की ते शून्यासारखं दिसतं आणि १०चे १०० होतात. जगभर या एका अक्षरामुळे अपघात झालेत, आणि म्हणूनच तो शब्द पूर्ण लिहावा असा आग्रह धरला जातो. आपल्या डॉक्टरांनी तो देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे? चिठ्ठी वाचणारी आजी मराठी सहज वाचते.

आता वेळेकडे येऊ, कारण ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या या पट्ट्यातल्या माणसांचं सगळं आयुष्य वेळेवर टांगलेलं असतं. ‘३०/७०’ हे मिश्र इन्सुलिन आपल्याकडे सर्रास दिलं जातं. त्यातला ३० टक्के भाग अर्ध्या तासात कामाला लागतो. उरलेला ७० टक्के भाग सावकाश चढतो आणि टोचल्यानंतर साधारण चार तासांपासून पुढे जोरात असतो. डोंबिवलीहून सकाळी सव्वासातची फास्ट पकडणारा माणूस सहाला टोचून, पोहे खाऊन निघाला, तर अकरा ते दोन या वेळात हे इन्सुलिन ऐन भरात असतं. त्याच वेळी ऑफिसात मीटिंग लांबते आणि डबा दीड वाजता उघडायचा तो अडीचला उघडतो. संध्याकाळी तर गाडीचाच भरवसा नसतो. घरी पोचलो की लगेच जेवायचं म्हणून कुणी ऑफिसातून निघतानाच टोचून घेतलं आणि लोकल मुंब्र्याच्या अलीकडे पाऊण तास उभी राहिली, तर दरवाजातल्या गर्दीत त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ अडखळते. आजूबाजूच्यांना वाटतं, प्यायलाय. म्हणून या भागात एक नियम प्रत्येक डॉक्टरने पहिल्याच भेटीत सांगायला हवा: रात्रीचं इन्सुलिन घरी पोचल्यावर, स्वयंपाक झाल्याची खात्री करून, मगच टोचायचं. वाटेत, अंदाजाने कधीच नाही.

पण या वेळेच्या हिशेबात सगळ्यात जास्त भरडली जाते ती गाडीत नसलेली बाई. ती घरीच असते, म्हणून तिच्या बाबतीत कुणाला धोका दिसत नाही. ती आठ वाजता टोचून घेते, कारण डॉक्टरांनी ‘जेवणाआधी अर्धा तास’ सांगितलेलं असतं. मग मुलांना वाढते. मग नवरा येतो, त्याला गरम पोळ्या. सासूबाईंना मऊ भात वेगळा. ओटा आवरता आवरता साडेनऊ होतात, आणि उरलेलं ताटात घेऊन ती बसते तेव्हा तिची साखर केव्हाची घसरणीला लागलेली असते. तिला चक्कर येते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, हल्ली हिचं डोकं लवकर तापतं. बाईने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं ही रीत आपण कौतुकाने सांगत आलो. इन्सुलिन घेणाऱ्या बाईसाठी ती सरळसरळ घातक आहे. तिने टोचल्यावर तिचं ताट पहिलं वाढलं गेलं पाहिजे, आणि हे तिला सांगून उपयोग नाही, घरातल्या पुरुषांना आणि मुलांना बसवून सांगायला हवं. दवाखान्यात तिच्यासोबत आलेल्या नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून ठेवतात. त्याला आत बोलवा.

उपासांचीही गोष्ट यातलीच. हरतालिकेचा निर्जळी उपास, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. मुंब्रा, भिवंडी, कल्याणमध्ये रमजानचे रोजे. श्रद्धेला हात न घालता डोसबद्दल बोलता येतं. रोजे ठेवणाऱ्यांसाठी सहरी आणि इफ्तारच्या डोसची विभागणी कशी करावी यावर वैद्यकीय मार्गदर्शक सूचना तयार आहेत, आणि साखर ७०च्या खाली गेली तर रोजा सोडावा असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. हरतालिका-एकादशीसारखे उपास मात्र रुग्ण डॉक्टरांपासून लपवतात, कारण ओरडा बसेल. मग सकाळचा नेहमीचा डोस आणि दिवसभर पोटात काही नाही, किंवा डोसच चुकवला आणि संध्याकाळी दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी. दोन्हीकडून नुकसानच. महिनाभर आधी ‘श्रावण आला, काय धरणार आहात?’ असा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तर लपवायची वेळच येणार नाही.

साखर घसरली तर काय करायचं, हे घरातल्या किमान दोघांना पाठ हवं. ७०च्या खाली आकडा आला, किंवा यंत्र हाताशी नाही पण घाम, थरथर, धडधड सुरू झाली, की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायचं, आणि सावरल्यावर पोळी-भात असं काही खायला घालायचं. पेढा, चॉकलेट, क्रीमची बिस्किटं या वेळी नकोत, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. एक बारकावा मात्र फारच थोड्यांना माहीत असतो. आपल्याकडे इन्सुलिनसोबत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी अनेकांना चालू असते, आणि ही गोळी साध्या साखरेचं पचन अडवते. अशा माणसाला साखरेचं पाणी लवकर लागू पडत नाही. त्याच्यासाठी घरात ग्लुकोजची पावडरच हवी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन लावायचा. बेशुद्धीत टोचायचं ग्लुकॅगॉन परदेशात अनेक घरांत ठेवलं जातं, इथे ते औषध दुकानात सहज मिळत नाही. म्हणून बेशुद्धीपर्यंत वेळच येऊ न देणं आपल्यासाठी अधिक महत्त्वाचं आहे.

प्रवासातही हेच. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. रात्री मुंबईहून निघालेली माणसं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डब्यात होती. ज्यांचं इन्सुलिन वेळेवर चालतं, त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत इन्सुलिन आणि ग्लुकोज दोन्ही असायला हवं, सीटखालच्या मोठ्या बॅगेत नव्हे. पावसाळ्यात हे कल्याणपलीकडे राहणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.

साठवणीबद्दल लोकांच्या मनात भीती चुकीच्या जागी बसली आहे. वीज गेली की घराघरांत घबराट होते. १२ ऑक्टोबर २०२०ला कळवा-पडघा भागातल्या वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज कित्येक तास गेली, तेव्हा फ्रिजमधल्या इन्सुलिनचं काय, हा प्रश्न किती घरांत पडला असेल! खरं तर फ्रिजचं दार बंद ठेवलं तर काही तासांत त्याला काही होत नाही. वापरात असलेली बाटली तर साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात, ३० अंशांच्या आत चालते. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर असते. इन्सुलिनचा खरा शत्रू बर्फ आहे. घाबरून ते फ्रीझरमध्ये टाकलं किंवा फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटून गोठलं, की ते कायमचं निकामी होतं, आणि वितळल्यावर कधी कधी ते वरून चांगलंही दिसतं. दुसरा शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. स्कूटरची डिकी, खिडकीचा कट्टा, उन्हात उभी केलेली गाडी, इथे ठेवलेलं इन्सुलिन वाया गेलं म्हणून समजा. फ्रिज नसलेल्या घरांना माठाचा सल्ला देतात. तो योग्यच आहे, पण विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जेवढा गार राहतो तेवढा खाडीकाठच्या दमट हवेत राहत नाही. तेव्हा इथे माठ वाऱ्याच्या, सावलीच्या जागी हवा, आणि मे महिन्यात जादा बाटल्यांचा साठा घरी करण्यापेक्षा दुकानातून एकेक आणलेली बरी.

मुदतीचा हिशेबही कुणी करून देत नाही. ४०च्या १० मिलीलीटर बाटलीत ४०० युनिट असतात. रोज १० युनिट घेणाऱ्याला ती चाळीस दिवस पुरते, म्हणजे चार आठवडे उलटले तरी तळाशी शंभरेक युनिट शिल्लक. आपल्या पिढ्यांना औषध फेकणं पाप वाटतं, आणि त्या भावनेमागे पोटाला चिमटा काढून जगल्याची आठवण आहे. पण उतरलेल्या बाटलीने साखर आवरत नाही आणि त्याचा दोष डोसवर येतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहावी. आणि रोजचा डोस कुणी दिला, दिला की नाही, याची खूण भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात करावी. गॅस कधी लावला, दूध किती आलं हे जिथे लिहितो तिथेच. सकाळी मुलाने टोचलं आणि तासाभराने सुनेनेही टोचलं, असं घडू नये यासाठी याहून सोपा उपाय नाही.

सुईबद्दल दोनच गोष्टी. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचलं की कातडीखाली गाठ धरते. तिथे दुखत नाही म्हणून लोकांना तीच जागा आवडते. पण गाठीतून इन्सुलिन कसंही, केव्हाही रक्तात उतरतं. पुढे कुणीतरी जागा बदलायला सांगतं आणि तोच डोस ताज्या जागी नेहमीपेक्षा जास्त लागू पडतो. तेव्हा जागा बदलण्याच्या आठवड्यात साखर अधिक वेळा तपासायला हवी, हेही सोबत सांगायला हवं. दुसरी गोष्ट वापरलेल्या सुईची. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातल्या सुया आणि सिरिंज घरगुती धोकादायक कचऱ्यात घातल्या आणि त्या गोळा करण्याची केंद्रं उभारणं हे स्थानिक संस्थेचं काम ठरवलं. प्रत्यक्षात सुई कोरड्या कचऱ्यात, तिथून घंटागाडीत आणि शेवटी कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात जाते. सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून झाकण घट्ट लावायला लोक तयार होतील. ती बरणी भरल्यावर द्यायची कुठे, हे कल्याण-डोंबिवली आणि ठाणे महापालिकेने प्रत्येक प्रभागात ठळकपणे लिहून लावलं पाहिजे.

डॉक्टरांची बाजू मला कळते. एका ओपीडीत साठ-सत्तर रुग्ण पाहणाऱ्याने प्रत्येकाला अर्धा तास कसा द्यायचा? पण शिकवण्याचं काम डॉक्टरांनीच करावं असं मी म्हणतच नाही. टोरांटोत १९२१-२२ मध्ये इन्सुलिन सापडलं, शोधकर्त्यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. त्याही आधी, १९१८ मध्ये, बोस्टनच्या इलियट जॉस्लिन यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी मधुमेहाचं पुस्तक लिहिलं होतं, आणि पुढे त्यांच्याकडच्या परिचारिका घरोघरी जाऊन रुग्णांना शिकवत. म्हणजे शिकवणं ही इन्सुलिनला मागाहून जोडलेली चैन नाही, पहिल्या दिवसापासून ते उपचारातच होतं. आपल्याकडेही २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी औषध कसं घ्यावं, कसं ठेवावं हे रुग्णाला समजावणं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामात घातलं आहे. काउंटरवर मदतनीस मुलगा उभा असतो, ही अडचण खरी; पण इन्सुलिन त्याच्या हातून जाऊ नये एवढं तर दुकानदार ठरवू शकतो.

दुसरा आक्षेप असा, की साखर घसरण्याबद्दल इतकं सांगितलं तर लोक घाबरून इन्सुलिनच नाकारतील. आधीच ‘इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं’ ही समजूत घराघरांत आहे. माझ्या पाहण्यात उलट घडतं. ज्याला पहिला झटका रात्री दोन वाजता, काहीच ठाऊक नसताना बसतो, तो इन्सुलिन सोडतो. ज्याला तो येऊ शकतो आणि आला तर काय करायचं हे माहीत असतं, तो ग्लुकोज पिऊन सकाळी डॉक्टरांना फोन करतो. आणि दंडाला चिकटवायच्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरने सगळं सुटेल म्हणणाऱ्यांनी त्याचा दर पंधरवड्याचा हजारांतला खर्च दिव्यात किंवा उल्हासनगरात राहणाऱ्या घराच्या पगाराशी ताडून पाहावा.

मागणी छोटी आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, आणि २०२३ पासून राज्यभर उघडलेले ‘आपला दवाखाना’ यांत आठवड्यातून एक दिवस इन्सुलिन शिकवण्याचं टेबल असावं, त्यामागे एक परिचारिका आणि तिच्यासमोर दोन खुर्च्या: एक रुग्णाची, एक घरातल्या दुसऱ्या माणसाची. खाजगी रुग्णालयांनीही इन्सुलिनवर घरी जाणाऱ्या रुग्णाला डिस्चार्जआधी त्याच्याच बाटलीतून, त्याच्याच सिरिंजमध्ये, त्याच्याच डोसाएवढं भरून दाखवायला सांगावं. सोबत आलेल्यानेही भरून दाखवावं. दोघांपैकी एकाची रेघ चुकली, तर डिस्चार्ज दुसऱ्या दिवशी.